पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात ज्या मदतसेवा असतात, त्या कधी आणि कशा वापरायच्या?

पहिलंवर्ष (प्रश्न)

पीएचडीची नोंदणी नुकतीच झाली आहे. विषय रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांची झोप आणि औषध देताना होणाऱ्या चुका. आधी प्रश्नावली भरून घ्यायची, मग काही जणींच्या सविस्तर मुलाखती.

विद्यापीठाच्या यादीत विषय-ग्रंथपाल, संख्याशास्त्र सल्ला, लेखन केंद्र, समुपदेशन, दिव्यांग सहाय्य, लोकपाल, तातडीचा मदतनिधी असं बरंच काही दिसतं. पण प्रत्येकाचं वर्णन दोन ओळींचं आणि जवळजवळ एकसारखं. नेमकं विचारायचं तर: यातल्या कुठल्या सेवा उशिरा गेल्यास निरुपयोगी ठरतात? पहिल्या भेटीला सोबत काय न्यायचं? कोण काय करत नाही? आणि समुपदेशकाकडे किंवा लोकपालांकडे गेल्याचं गाईडना कळतं का?

---

संदर्भकक्ष

सुरुवात ग्रंथालयापासून करा. विषय पक्का होण्याआधी ग्रंथपालाचा जेवढा उपयोग होतो तेवढा नंतर होत नाही. आधीच झालेलं काम दुसऱ्या वर्षात सापडलं तर विषयच बदलावा लागतो.

वेळ मागताना नुसतं 'या विषयावर संदर्भ हवेत' असं लिहू नका. तीन गोष्टी आधी पाठवा: एका वाक्यात संशोधनाचा प्रश्न, हमखास उपयोगाचे असे सापडलेले तीन-चार लेख, आणि आतापर्यंत कुठल्या डेटाबेसमध्ये कुठले शब्द टाकून पाहिले त्यांची यादी. एवढं हातात असलं की ग्रंथपाल तयारी करून बसतो आणि पहिल्या दहा मिनिटांत कामाला लागता येतं.

तुमचाच विषय घेऊ. कागदावर चार रकाने आखा: परिचारिका, रात्रपाळी, झोप, औषधांतल्या चुका. प्रत्येक रकान्यात त्या कल्पनेचे सगळे इंग्रजी पर्याय लिहा. झोपेखाली 'स्लीप', 'फटीग', 'इन्सोम्निया', 'स्लीपीनेस'. रात्रपाळीखाली 'नाइट शिफ्ट', 'शिफ्ट वर्क', 'रोटेटिंग शिफ्ट'. रकान्याच्या आतले शब्द 'ऑर'ने जोडायचे, रकाने एकमेकांना 'अँड'ने. आता गंमत ताऱ्याची (*), म्हणजे पुढची अक्षरं काहीही चालतील असं सांगणाऱ्या खुणेची. 'नर्स'च्या स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर काढून तिथे तारा टाकला की नर्स, नर्सेस, नर्सिंग सगळं येतं. पण त्यासोबत 'नर्सरी'ही येतं, आणि 'नर्सिंग'चा दुसरा अर्थ स्तनपान असल्यामुळे बाळ-बाळंतिणींवरचे लेखही येतात. झोप हा तर दोन्हीकडचा विषय, त्यामुळे असे लेख शेकड्यांनी घुसतात. म्हणून इथे तारा न वापरता शब्द सुटे लिहिलेले बरे.

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या मोफत डेटाबेसमध्ये 'मेश' नावाची ठरीव शब्दसूची असते. ती वापराच, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. तिथल्या सगळ्याच लेखांना ते शब्द जोडलेले नसतात, त्यामुळे काही संशोधन निसटतं. मेश आणि साधे शब्द, दोन्ही 'ऑर'ने जोडा.

शोध बरोबर बसला की नाही याची एक खात्रीची परीक्षा आहे. ते हमखास उपयोगाचे तीन-चार लेख निकालात आले का ते बघा. एखादा आला नाही तर तो उघडा, शीर्षकात आणि सारांशात लेखकांनी कुठला शब्द वापरलाय ते पाहा आणि तो रकान्यात घाला. अंतिम शोध-वाक्य, डेटाबेसचं नाव, तारीख आणि किती निकाल आले हे लगेच नोंदवून ठेवा. पद्धतशीर आढावा करणार असाल तर तो कसा मांडायचा याच्या 'प्रिझ्मा २०२०' या नियमावलीतल्या आकृतीत हेच आकडे भरावे लागतात, आणि दोन वर्षांनी ते पुन्हा जसेच्या तसे मिळत नाहीत.

आंतर-ग्रंथालय देवघेव ही सगळ्यात कमी वापरली जाणारी सेवा आहे. लेखासाठी पैसे मागणारं पान दिसलं की लोक नाद सोडतात. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) टाकून अर्ज केला तर लेखाची पीडीएफ बहुधा काही दिवसांत येते. छापील पुस्तकाचं वेगळं: परतीची तारीख देणाऱ्या ग्रंथालयाची असते, आपल्या ग्रंथालयाला ती वाढवता येईलच असं नाही. त्यामुळे पुस्तक हाती आलं की आधी ते प्रकरण वाचून टिपणं काढा.

झोटेरोबद्दल (संदर्भ साठवून संदर्भसूची करून देणारं सॉफ्टवेअर) थोडक्यात, कारण बहुतेक ग्रंथालयं ते शिकवतात. सॉफ्टवेअर मोफत आहे. नोंदी कितीही साठवता येतात, पीडीएफसाठी मात्र ऑनलाइन ३०० एमबीच मोफत जागा मिळते. सर्वांत मोठी चूक म्हणजे झोटेरोचं डेटा-फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात ठेवणं. डेटाबेसची फाइल उघडी असतानाच दुसरीकडे कॉपी होते आणि कधीतरी खराब होते. झोटेरोचं स्वतःचं सिंक वापरा. आपोआप आलेली प्रत्येक नोंद तिथल्या तिथे तपासा: आडनाव आणि नाव उलटं पडलेलं असतं, शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत असतं. चारशे नोंदी झाल्यावर हे दुरुस्त करणं जिवावर येतं. आणि लेखाच्या नोंदीवर लाल पट्टी दिसली तर तो लेख मागे घेतला गेलेला आहे, तो आधार म्हणून वापरू नका.

ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख-क्रमांक, आजच काढा. पाच मिनिटांचं काम आहे. १६ अंकांचा असतो, शेवटच्या जागी कधीकधी 'एक्स' येतो, ती चूक नव्हे.

---

नमुनासंख्या

'उशिरा गेल्यास निरुपयोगी' या प्रश्नाचं सरळ उत्तर: संख्याशास्त्र सल्ला आणि नैतिकता समिती. दोन्हीकडे माहिती गोळा करण्याआधी जायचं असतं.

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देते ती नैतिकता समिती. तिची मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही. मंजुरीआधी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या साधारणपणे प्रबंधात वापरता येत नाहीत, मग त्या दहा असोत की दोनशे. 'फक्त पायलट (छोटी पूर्वचाचणी) आहे' ही सबब चालत नाही. पायलटमध्येही माणसंच उत्तरं देतात. अर्ज बहुतेक वेळा अडतो तो संमतिपत्रावर: भाषा बोजड असते, सहभाग मध्येच सोडता येईल हे लिहिलेलं नसतं, मुलाखतीचं ध्वनिमुद्रण कुठे, किती काळ आणि कोणाकडे राहील हे सांगितलेलं नसतं. तुमच्या विषयात आणखी एक अडचण आहे. तुम्ही परिचारिकांना त्यांच्या चुका विचारणार. ती माहिती वरिष्ठांपर्यंत पोचली तर नोकरीवर बेतू शकतं. परवानगी मेट्रनकडून घ्यायची असली तरी भरलेल्या प्रश्नावल्या मेट्रनच्या टेबलावर जमा होता कामा नयेत. समिती हे विचारणारच, तेव्हा उत्तर अर्जातच लिहा.

आता नमुना. 'किती जण घेऊ?' असं विचारलं की सल्लागार उलट विचारतो, 'किती फरक दिसला तर तो महत्त्वाचा मानाल?' याचं उत्तर विषय जाणणाऱ्यानेच द्यायचं असतं, ते संख्याशास्त्रज्ञाकडे नसतं. दोन गटांच्या सरासरीची तुलना, सार्थकता-पातळी (नसलेला फरक आहे असं वाटण्याची शक्यता) ०.०५ दुबाजू, शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ०.८० धरली तर अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) फरक पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक ०.८ असेल तर २६ पुरतात. तोच ०.२ असेल तर प्रत्येक गटात जवळपास ३९४. जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे स्वतः काढून बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट भेटीला घेऊन या.

यात दोन चुका नेहमी होतात.

पहिली गळतीची. २० टक्के जण अर्धवट सोडतील असं धरलं की लोक ६४ मध्ये २० टक्के मिळवतात आणि ७७ घेतात. ७७ मधून २० टक्के गेले की उरतात ६१-६२. भागाकार करायचा असतो: ६४ भागिले ०.८, म्हणजे ८०.

दुसरी गटांची, आणि ती तुम्हाला थेट लागू आहे. एकाच वॉर्डातल्या परिचारिकांची पाळी, कामाचा ताण, वरिष्ठ सगळं सारखं, त्यामुळे त्यांची उत्तरंही एकमेकींच्या जवळ जातात. वीस जणी एका वॉर्डातल्या म्हणजे वीस स्वतंत्र माणसं नव्हेत. यासाठी नमुना एका गुणकाने वाढवतात: १ अधिक (वॉर्डातली संख्या वजा १) गुणिले आंतरवर्ग सहसंबंध (इंट्राक्लास कोरिलेशन: एका वॉर्डातली उत्तरं एकमेकींशी किती जुळतात त्याचा आकडा). वॉर्डात २० जणी आणि सहसंबंध अवघा ०.०५ असला तरी गुणक येतो १.९५. म्हणजे दोन गटांचे मिळून १२८, त्यांचे थेट २५०. हे माहिती गोळा झाल्यावर कळलं तर त्यावर उपाय नसतो, म्हणून एवढं खोलात लिहिलं.

भेटीला नेण्याचे कागद: संशोधनाचा प्रश्न, प्रश्नावलीचा मसुदा, आणि शेवटी जो तक्ता प्रबंधात छापायचा आहे त्याचा रिकामा सांगाडा. रिकामा तक्ता आखताना आपोआप लक्षात येतं की कुठला प्रश्न प्रश्नावलीत विचारलेलाच नाही. वयाचे गट '२०–२५, २५–३०' असे असतील तर पंचवीस वर्षांच्या बाईने खूण कुठे करायची? असल्या गोष्टी मंजुरीनंतर दहा जणींवर चाचणी घेतली की बाहेर येतात.

एक्सेलमध्ये माहिती भरणार असाल तर एका ओळीत एकच व्यक्ती, एका रकान्यात एकच गोष्ट. उत्तर नसेल तर रकाना रिकामा ठेवा. '९९' लिहायची सवय असेल तर ते कोडपत्रकात (कुठल्या आकड्याचा काय अर्थ, याच्या यादीत) नोंदवा आणि सॉफ्टवेअरला सांगा. नाहीतर कोणाची झोप ९९ तास म्हणून सरासरीत मिसळते. ओळख-क्रमांकाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करा, '००७' चे '७' होतात. तारखांसारखं दिसणारं काहीही एक्सेल तारखेत बदलतं. या एका खोडीपायी मानवी जनुकांच्या नावांची जबाबदारी असलेल्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली आणि २०२० मध्ये तसे नियम प्रसिद्ध केले.

सल्लागार विश्लेषण करून देत नाही, कसं करायचं ते दाखवतो. त्याने आराखड्यात किंवा विश्लेषणात मोलाची भर घातली असेल तर लेखात सहलेखक की आभार, हे लेख लिहायला घेण्याआधीच बोलून घ्या.

---

पहिलंवर्ष

वॉर्डाचा मुद्दा अजिबात डोक्यात नव्हता. दोघांचेही आभार. समुपदेशन आणि गाईडबद्दलच्या प्रश्नाचं कोणी सांगेल का? शिवाय गाईड आणि विद्यार्थी यांच्यात मतभेद झाले तर लोकपाल नेमकं काय करतात?

---

शांतखोली

समुपदेशनाबद्दल.

समुपदेशन केंद्राच्या नोंदी शैक्षणिक नोंदींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात. तुम्ही तिथे जाता की नाही, एवढंसुद्धा तुमच्या लेखी संमतीशिवाय गाईडना किंवा विभागाला सांगायचं नसतं. पण गोपनीयतेला मर्यादा असतात आणि त्या पहिल्याच भेटीत सांगणं समुपदेशकाचं कर्तव्य आहे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला तातडीचा धोका, लहान मुलाचा छळ होत असल्याची माहिती, न्यायालयाचा आदेश. नेमके नियम देशाच्या कायद्याप्रमाणे आणि संस्थेप्रमाणे बदलतात, म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी तीन गोष्टी थेट विचारा. माझ्या नोंदी कोण पाहू शकतं? किती वर्षं ठेवता? रजेसाठी पत्र हवं असेल तर त्यात काय लिहिता? शेवटच्या प्रश्नाचं चांगलं उत्तर असं असतं: 'आरोग्याच्या कारणास्तव' एवढंच, निदान नाही.

विद्यापीठातलं समुपदेशन बहुतेक ठिकाणी थोड्या मुदतीचं असतं. ठरावीक भेटी, एक भेट साधारण ४५ ते ५० मिनिटांची. दीर्घकाळ उपचार लागणार असतील तर ते बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवतात. याचा अर्थ तुम्हाला टाळलं असा नाही. फक्त पाठवताना नाव, वेळ आणि खर्च यांची चौकशी करून देतात का ते विचारा. नुसती यादी हातात दिली तर थकलेला माणूस फोन करत नाही. आणि समुपदेशक औषध लिहून देत नाही, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ. झोप, भूक, एकाग्रता सगळंच बिघडलं असेल तर दोघांचीही गरज लागू शकते.

पहिल्या भेटीला बहुधा 'पीएचक्यू-९' ही नैराश्याची प्रश्नावली भरायला देतात. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. दहा किंवा जास्त गुण आले तर पुढे सविस्तर तपासणी करतात. हे निदान नव्हे, चाळणी आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे शून्याखेरीज काही लिहिलं तर समुपदेशक त्याबद्दल त्याच भेटीत बोलतो. घाबरून शून्य लिहू नका. असे विचार सांगितले म्हणजे लगेच दवाखान्यात भरती असं होत नाही. विचार आहेत की बेत ठरलाय, साधन जवळ आहे का, सोबत कोण आहे, हे बघून पुढचं ठरतं.

पण बेत ठरला असेल, जीव नकोसा झाला असेल, तर भेटीच्या वेळेची वाट पाहायची नाही. केंद्रात थेट जाऊन 'आत्ता तातडीचं आहे' एवढंच म्हणायचं. दिवसा अशा भेटीसाठी सोय ठेवलेली असते. रात्री आपत्कालीन सेवा किंवा आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइन. तो क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवा, गरजेच्या वेळी शोधत बसणं होत नाही. सोबतचा विद्यार्थी असं बोलला तर त्याला थेट विचारा, 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे. त्याला एकटं सोडू नका, केंद्रापर्यंत सोबत जा.

प्रतीक्षायादी मोठी असते, सत्राच्या शेवटी तर फारच. म्हणून ताण असह्य होण्याची वाट न पाहता, तीन आठवडे सलग झोप बिघडली किंवा लिहायला बसणंच टाळलं जातंय असं दिसलं की नाव नोंदवा. नंतर बरं वाटलं तर वेळ रद्द करता येते.

---

नियमवही

लोकपाल, रजा आणि पैसे यांबद्दल.

विद्यापीठातल्या लोकपालाचं काम अनेक ठिकाणी चार तत्त्वांवर चालतं: स्वतंत्र, तटस्थ, गोपनीय, अनौपचारिक. तो तुमचा वकील नव्हे आणि न्यायाधीशही नव्हे. तो ऐकतो, नियम समजावतो, पर्याय मांडतो, तुमची संमती असेल तर दुसऱ्या बाजूशी बोलतो. निर्णय बदलायचा अधिकार त्याला नसतो. काही विद्यापीठांत मात्र याच नावाच्या पदाला औपचारिक तक्रार ऐकण्याचे अधिकार असतात, म्हणून आधी नियम वाचा.

अनौपचारिक लोकपालाशी बोलणं म्हणजे तक्रार नोंदवणं नव्हे, आणि इथेच बऱ्याच जणांचं नुकसान होतं. औपचारिक तक्रारीला मुदत असते. लोकपालाकडे बोलणी चालू आहेत म्हणून ती मुदत थांबत नाही. पहिल्याच भेटीत विचारा: 'औपचारिक तक्रारीची शेवटची तारीख कोणती?' ती वहीत लिहा आणि त्या तारखेआधी काय करायचं ते ठरवा.

लैंगिक छळाचं प्रकरण असेल तर आणखी एक गोष्ट आधी बघा. अनेक विद्यापीठांत प्राध्यापकांना अशी माहिती कानावर आली की ती वर कळवणं बंधनकारक असतं. समुपदेशक बहुधा त्यातून वगळलेला असतो. काय करायचं हे अजून ठरलं नसेल तर आधी गोपनीय ठिकाणी बोला.

गाईडशी मतभेद होऊ नयेत यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे भेटीनंतरचं चार ओळींचं ईमेल. त्याच दिवशी पाठवायचं: काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत, पुढची भेट कधी. शेवटी 'काही चुकलं असल्यास कळवावं'. दोन वर्षांनी 'मी असं सांगितलंच नव्हतं' असा प्रसंग आला तर हीच नोंद उपयोगी पडते, आणि प्रसंग आला नाही तरी गाईडनाही बरं पडतं. त्यांच्याकडे सहा विद्यार्थी असतात, कोणाचं काय ठरलं ते त्यांच्याही लक्षात राहत नाही. सहलेखकांचा क्रम, माहितीची मालकी हेसुद्धा लेख लिहिण्याआधी अशाच ईमेलमध्ये यावं.

गाईड बदलायची वेळ आली तर आधी नवा गाईड तयार आहे का ते तोंडी विचारा, मग अर्ज. अर्जात दोष देऊ नका, 'संशोधनाची दिशा बदलल्यामुळे' पुरे. छळ असेल तर मात्र असं गुळमुळीत लिहू नका. तो स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे.

रजा आणि मुदतवाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजेत बहुतेक ठिकाणी प्रबंधाच्या मुदतीचं घड्याळ थांबतं. मुदतवाढीत ते चालूच असतं, फक्त शेवटची तारीख पुढे जाते. रजेत शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरोग्यविमा, प्रयोगशाळेचा प्रवेश, अगदी ग्रंथालयाचं लॉगिनसुद्धा बंद होऊ शकतं. परदेशी विद्यार्थ्याची नोंदणी थांबली तर व्हिसा धोक्यात येऊ शकतो, म्हणून रजेच्या अर्जावर सही करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. आधी सही आणि मग चौकशी केली तर दुरुस्ती फार अवघड होते.

दिव्यांग सहाय्य कक्षाबद्दल गैरसमज असा की तो फक्त कायमच्या अपंगत्वासाठी असतो. हाताचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, मायग्रेन, वाचन-अक्षमता, नैराश्य हेही तिथे चालतं. वैद्यकीय कागद त्या कक्षाकडेच राहतात. विभागाला जातं ते फक्त सवलतीचं पत्र: जादा वेळ, लेखनिक, तोंडी परीक्षेत मधली विश्रांती. निदान गाईडना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. सवलत बहुधा मागच्या तारखेने मिळत नाही. परीक्षा देऊन झाल्यावर पत्र आणलं तर तिचे गुण बदलत नाहीत.

मदतनिधीचा अर्ज करताना पहिला प्रश्न: हे अनुदान आहे की बिनव्याजी उसने? दुसरा: शिष्यवृत्तीतून वळतं होतं का? अर्जासोबत खर्चाचा कागद लागतो, म्हणजे भाड्याची नोटीस, दवाखान्याचं बिल. 'आर्थिक अडचण आहे' अशा सर्वसाधारण मजकुरावर अर्ज परत येतो. 'अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरायची आहे, एवढी जवळ आहे, एवढी कमी पडते' असं तीन ओळींत लिहिलं की निर्णय लवकर होतो.

---

खरडवही

लेखन केंद्राचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

लेखन केंद्र प्रूफ तपासून देत नाही. सबंध प्रकरण घेऊन जाऊ नका. तासाभरात पाच-सहा पानं नीट होतात. सोबत एकच प्रश्न न्या. 'कसं वाटतंय बघा' हा प्रश्न नव्हे. 'माझा मुद्दा तिसऱ्या पानाच्या आधी का कळत नाही?' हा प्रश्न.

जाण्याआधी घरी उलटा आराखडा करा. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात दोन गोष्टी लिहा: तो काय सांगतो आणि तो इथे कशासाठी आहे. तुमच्या पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात बहुधा असं निघेल: 'अमक्याने २०१२ मध्ये हे केलं', 'तमक्याने २०१५ मध्ये ते केलं', 'आणखी एकाने २०१८ मध्ये'. 'काय सांगतो' भरलं जातं, 'कशासाठी' रिकामं राहतं. ही लेखांची यादी झाली, मांडणी नाही. त्याच तीन लेखांना 'झोपेचे तास मोजणारे' आणि 'झोपेची प्रत विचारणारे' असं वाटून घेतलं की दोन परिच्छेद होतात आणि दोन्ही पद्धतींचे निकाल का जुळत नाहीत हा तुमचा मुद्दा आपोआप पुढे येतो. लेखन केंद्रातला माणूस हे तुमच्यासोबत बसून करतो, मात्र त्याला विषय माहीत नसतो. तेच सोयीचं आहे: तुम्ही गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट तो विचारतो.

मसुद्याची साम्य-तपासणीही (मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो ते सॉफ्टवेअरने बघणं) आधीच करून घ्या, दर महिन्याला एकदा.

---

संदर्भकक्ष

शेवटच्या ओळीत एक महत्त्वाची दुरुस्ती. टर्निटिनमध्ये (साम्य-तपासणीचं सॉफ्टवेअर) मसुदा टाकताना तो त्यांच्या संग्रहात साठवला जाणार नाही अशी सेटिंग आहे ना, हे ग्रंथालयाला विचारल्याशिवाय टाकू नका. साठवला गेला तर अंतिम प्रबंध तपासताना तो तुमच्याच मसुद्याशी जुळतो आणि साम्य फार जास्त दिसू शकतं. ते काढून घ्यायला प्रशासकामार्फत विनंती करावी लागते आणि नेमकी सादर करायच्या आठवड्यात धावपळ होते. महिन्याला एकदा तपासायचीही गरज नाही. प्रकरण पूर्ण झालं की एकदा, आणि शेवटी एकदा.

टक्केवारी हा निकाल नसतो. संदर्भसूची, अवतरणं आणि प्रश्नावलीचे ठरीव शब्द मोजले गेले की आकडा फुगतो. उलट पाच टक्क्यांतही एक अख्खा उचललेला परिच्छेद असू शकतो. अहवालात आकड्याऐवजी रंगवलेले सलग तुकडे बघा.

प्रबंध सादर करताना ग्रंथालयाची स्वरूप-तपासणी असते. बहुतेक ठिकाणी पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) मागतात, त्यात सगळे फॉन्ट फाइलच्या आत असावे लागतात. देवनागरी आणि चिन्हांचे फॉन्ट इथेच अडतात. आडव्या पानांवरचे तक्ते, बांधणीच्या बाजूचा समास आणि पृष्ठक्रमांक यांपायीही प्रती परत येतात. म्हणून शेवटच्या दिवसाऐवजी एका प्रकरणाची नमुना-प्रत दोन महिने आधी दाखवून घ्या. झोटेरोचे दुवे वर्ड फाइलमधून तोडायचे असतील तर आधी जुनी प्रत वेगळ्या नावाने ठेवा, एकदा तोडले की परत जोडले जात नाहीत.

आणि संशोधनातून पेटंट निघण्यासारखं काही असेल तर प्रबंध संग्रहात खुला होण्याआधी तंत्रज्ञान-हस्तांतरण कक्षात जा. बहुतेक देशांत आधी प्रसिद्ध झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही आणि खुल्या संग्रहातला प्रबंध प्रसिद्धच धरला जातो. सादर करतानाच्या फॉर्मवर प्रबंध काही काळ बंद ठेवण्याचा चौकोन असतो, त्यावर खूण करायची ती त्याच वेळी.

---

पहिलंवर्ष

उद्या नैतिकता समितीच्या अर्जातलं संमतिपत्र पुन्हा लिहायला घेते, प्रश्नावल्या मेट्रनऐवजी बंद पेटीत टाकायची सोय करते. वॉर्डनिहाय परिचारिकांची संख्या मिळवून मग संख्याशास्त्र सल्ल्याची वेळ मागेन. 'नमुनासंख्या' यांना एक विचारायचं: आंतरवर्ग सहसंबंधाचा आकडा आधीच्या संशोधनातून घ्यायचा का?

---

नमुनासंख्या

हो, झोपेवरच्या वॉर्डनिहाय अभ्यासांतून. सगळे लेख तो छापत नाहीत, म्हणून संदर्भकक्षने सांगितलेल्या शोधात 'क्लस्टर' आणि 'इंट्राक्लास कोरिलेशन' हे शब्द पाचव्या रकान्यात घालून एकदा वेगळा शोध घ्या. दोन-तीन आकडे मिळाले तर सगळ्यात मोठा धरा. एकही मिळाला नाही तर ०.०१, ०.०५ आणि ०.१० तिन्ही धरून नमुना काढा आणि तीन ओळींचा तक्ता घेऊन जा. २० जणींच्या वॉर्डासाठी गुणक अनुक्रमे १.१९, १.९५ आणि २.९० येतात. शिवाय वॉर्ड वाढवता येत असतील तर प्रत्येक वॉर्डातल्या जणी कमी घ्या: १० जणींच्या वॉर्डात ०.०५ ला गुणक १.४५ वर येतो.